देवीसमोर बंद केलेलं इंजिन

आमच्या घरात कापडापेक्षा पॅकिंगचा कागद जास्त कापला जायचा. पॅकिंग म्हणजे इंजिनाचे दोन भाग जोडताना मध्ये घालायचा जाड कागद, तेल बाहेर झिरपू नये म्हणून. तयार पॅकिंग महाडच्या बाजारात मिळायचं, पण बाबांचा तयार मालावर काडीचा विश्वास नव्हता. घराला लागूनच त्यांचं गॅरेज. तिथून हाक यायची, "ऐकलंस काय गो, एक पॅकिंग काप," आणि तेलाने काळा झालेला नमुना उंबऱ्यातून आत सरकायचा. आई भाकरी थापत असली तरी उठायची. पिठाचे हात लुगड्याला पुसायचे, नमुना कागदावर धरून पेन्सिल फिरवायची, कात्रीने कापायचं आणि बोल्टची भोकं पाडायला पोकळ खिळा ठेवून वर हातोडी मारायची. तव्यावर भाकरी आणि जमिनीवर ठकठक. आमच्या स्वयंपाकघरात ग्रीसचा वास असायचा आणि गॅरेजमध्ये वालाच्या बिरड्याचा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. बाबांचा एकच नियम होता: एकदा एखादी वस्तू खोलली की तिच्याखाली नवं पॅकिंग पडलंच पाहिजे. "खोललं की घातलं" असं ते दहा वेळा म्हणायचे आणि प्रत्येक वेळी नवीन काहीतरी सांगितल्यासारखा चेहरा करायचे.

घर पोलादपूरला, हायवेला चिकटून. आता कशेडीला बोगदा झालाय, गाड्या भुर्रकन पलीकडे जातात, घाट कुणाला आठवत नाही. तेव्हा मुंबईकडून आलेली प्रत्येक गाडी आमच्या दारात दम घ्यायची आणि मग घाट चढायला लागायची. हवेचा ब्रेक सुटला की फुस्स करून आवाज व्हायचा, त्याने मांजरसुद्धा दचकत नसे. गियर पाडला, रेस दिली, कुणी घाबरून मध्येच सोडली, सगळं घरात बसल्या कळायचं. बाबा जेवता जेवता मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "ह्याचा पंप गेला." गेलेलाच असायचा. मी हे नाकारणार नाही. माझा बाप हुशार मिस्त्री होता, पंचक्रोशीत गणूमिस्त्री म्हणून नाव होतं, आणि त्या नावाचं त्याला जे वेड होतं त्यापायी त्याने काय केलं तेच मला आता लिहायचंय. माझे केस पिकले, ज्यांना लाज वाटायची ते गेले. आता कुणाची भीड?

रघूमामा हा आईचा धाकटा भाऊ. माहेर महाडजवळच्या नाते गावचं. मामा महाडच्या एका शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. एमआयडीसीतून पिंपं भरायची, कशेडी ओलांडून खेडजवळच्या लोट्याला खाली करायची, परत यायचं. जाता-येता मुक्काम आमच्याकडे, झोपायला गॅरेजमधली बाज. येताना कधी सुकट, कधी दासगावच्या खाडीचे बोय मासे घेऊन यायचा आणि दारातूनच मला ओरडून सांगायचा, "सुजू, मसाला वाट गो!" घरात हसू यायचं ते त्याच्याबरोबर. बाबा हसत नसत असं नाही, पण त्यांचं हसणं दुसऱ्याची चूक सापडल्यावरचं. मामा स्वतःवर हसायचा. त्याला दारू नाही, पत्ते नाहीत, एक खोड मात्र होती. घाटाच्या मध्यावर एका वळणाला देवीची घुमटी आहे. बाकीचे ड्रायव्हर चालत्या गाडीतून हात जोडतात, फार तर नाणं फेकतात. मामा गाडी बाजूला घ्यायचा, इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा, अगरबत्ती लावायचा. इंजिन चालू ठेवून पाया पडणं त्याला पटायचं नाही. "आईच्या तोंडावर धूर सोडत पाया पडू काय?" बाबा त्याची टर उडवायचे. चढावर तापलेलं इंजिन बंद करू नये असं त्यांचं म्हणणं. मामा ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बंद करायचाच.

शेठने नवी गाडी घेतली तिथून हे सगळं सुरू झालं. जुन्या गाडीत डिझेलचा पंप गियरने फिरायचा, दात दाताला जुळवून बसवला की तो आपोआप वेळेवर डिझेल द्यायचा. बाबा कानाने ते जुळवायचे. नव्या गाडीत डिझेल कधी सोडायचं ते ठरवणारा एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा होता, ईसीएम म्हणतात त्याला, आणि त्या डब्याला काहीच दिसत नाही. त्याला जे कळतं ते सेन्सरकडून. त्यात एक सेन्सर क्रँकशाफ्टजवळ, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्याजवळ असतो, तो सांगतो की पिस्टन वर आलाय की खाली. आता तुम्ही म्हणाल, मग झालं की. नाही झालं. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका कामासाठी दोनदा वर येतो. एकदा हवा दाबत येतो, तेव्हा डिझेल हवं. दुसऱ्यांदा जळलेला धूर बाहेर ढकलत येतो, तेव्हा डिझेल सोडलं तर वाया. क्रँकला दोन्ही वेळा सारख्याच. जात्यावर दोन फेऱ्यांना एक मूठ दाणे घालायचे असले तर ही पहिली फेरी की दुसरी ते कुणीतरी सांगायला हवं ना, तसं. ते सांगतो कॅमशाफ्टचा सेन्सर. कॅमशाफ्ट म्हणजे झडपा उघडणारा दांडा, तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे सगळं काम होईपर्यंत त्याची एकच फेरी. त्याच्या चाकावर दात असतात. समोर अंगठ्याएवढा सेन्सर, पोटात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. दात समोरून गेला की तारेत जराशी वीज उठते. ती ठिणगीएवढीसुद्धा नसते. तेवढ्यावर डब्याला कळतं की आता पहिल्या सिलिंडरची खरी पाळी. सेन्सर आणि दात यांच्यात नखाच्या जाडीएवढीच फट ठेवलेली असते. ती वाढली की वीज कमी. गाडी सुरू करताना इंजिन हळू फिरतं तेव्हा आणखी कमी. आणि इंजिन तापलं की गुंडाळीची तार तापते, विजेला अडथळा वाढतो, उरलेलंही पोचत नाही. डबा बिचारा वाट बघत बसतो. काही गाड्या अंदाजाने सुरू होतात. ही तसली नव्हती. कॅमची खूण मिळाल्याशिवाय ती डिझेलचा थेंब सोडायची नाही. मात्र एकदा चालू झाली की क्रँकच्या भरवशावर पळत राहायची.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी महाडला अकरावीत होते, एसटीने जायचे-यायचे. हे मी नंतर शिकले, डिप्लोमा करून, आणि पुढे कितीतरी पोरांना शिकवलं. वर्गात हा धडा आला की माझा आवाज चढायचा. पोरं म्हणायची, मॅडम सेन्सरवर एवढ्या का चिडतात. चिडू नको तर काय आरती करू?

झालं असं की त्या सेन्सरच्या बुडातून तेल झिरपायला लागलं. मामाने गाडी आणून लावली. सेन्सरला एक रबरी रिंग असते, ती फाटली होती, नवी घालायची की काम संपलं. तशी रिंग आमच्याकडे नव्हती आणि कुणाला महाडला पाठवायचं बाबांच्या जिवावर आलं. खोललं की घातलं! आईला हाक गेली. सेन्सरच्या बुडाचा आकार गोल, एका बाजूला बोल्टसाठी कान. आईने नेहमीसारखं सुबक कापून दिलं, बाबांनी ते खाली घातलं, वर लाल पेस्ट लावली आणि बोल्ट आवळला. तेल थांबलं. बाबा खूश, मामा खूश, आईला चहाचं फर्मान. जुन्या गाडीत त्या कागदाने काही बिघडलं नसतं. इथे सेन्सर कागदाच्या जाडीएवढा वर उचलला गेला आणि तेवढीशी फट दुप्पट झाली. दोन दिवसांनी समोरच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला. मामाने दाखवला. बाबा म्हणाले, "नव्या गाड्यांना असले दिवे लागतातच, त्याशिवाय कंपनीवाल्यांचं पोट कसं भरंल?" आणि त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मोकळे झाले.

मग घाटात गाडी बंद पडायला लागली. बंद पडायला म्हणजे मामा देवीसमोर बंद करायचा आणि ती परत लागायची नाही. स्टार्टर फिरायचा, इंजिन गरगरायचं, पण पेट घ्यायचं नाही. तासभर गार झाली की पहिल्या चावीला सुरू. मामा येऊन सांगायचा. बाबा उठायचे, गॅरेजसमोर उभ्या, गार झालेल्या गाडीला चावी मारायचे, गाडी खणखणीत लागायची. "हे बघ. काय झालंय हिला?" "दाजी, तापल्यावर होतंय ते. वर चला माझ्यासंगं एकदा." "मला दुसरी कामं नायत? देवीला सांग काय ते." असं तीनचार वेळा झालं. मामाचा चेहरा उतरत चालला. मी म्हटलं, मामा, मग नका ना बंद करू तिथे, हात जोडून पुढे जा. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला शेण खायला सांगितलं. "गाडी बिघडली म्हणून आईचा मान कमी करू काय गो? गाडी दुरुस्त करायची का देवी?" आणि खरं सांगू, त्याचंच बरोबर होतं. गाडीच दुरुस्त करायला हवी होती.

शेठकडे मोबाइल होता आणि गाडीत त्याने एक यंत्र बसवून घेतलं होतं, गाडी कुठे आहे आणि किती वेळ उभी आहे ते मोबाइलवर दिसायचं. त्याला काय दिसलं? दर खेपेला, कशेडीच्या त्याच वळणावर, आजूबाजूला हॉटेल नाही की टपरी नाही, अशा जागी गाडी तास-तास उभी. ट्रकमालकाच्या मनात अशा वेळी एकच गोष्ट येते. ड्रायव्हर नळी टाकून डिझेल काढतोय. एका दुपारी तो आमच्या गॅरेजवर आला, खुर्चीवर बसला, पंखा स्वतःकडे वळवून घेतला. बोलणं शांत, शहरी.

"मिस्त्री, तुमचा मेव्हणा आहे म्हणून आधी तुमच्याकडे आलो. पोलिसांत जायला मला वेळ लागत नाही. तो म्हणतो गाडी सुरू होत नाही. तुम्ही सांगा, गाडीत दोष आहे का?"

बाबा म्हणाले, "माझ्या हातची गाडी हाय शेठ. दोष असता तर मला कळला नसता?"

मामा तिथेच उभा होता. "दाजी, देवाशपथ सांगतो..."

"रविवारी घाटात जाऊ," शेठ म्हणाला. "मीही येतो. तुझ्या देवीसमोरच बंद कर. नाही लागली तर मी तुझी माफी मागेन, सगळ्यांसमोर. लागली, तर या हायवेवर एकही मालक तुला गाडी देणार नाही, हे मी बघेन."

मामाला आनंदच झाला. खरंच झाला! जेवताना मला म्हणाला, "सुजू, रविवारी माझी सुटका गो." कुळथाची पिठी दोनदा मागून घेतली. किती दिवसांनी तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी बाबा महाडला जाऊन आले, कशाला ते कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले. मामा नदीवर आंघोळीला गेलेला. ट्रकचं केबिन पुढे पाडलेलं आणि बाबा इंजिनावर ओणवे. त्यांच्या एका हातात तो सेन्सर होता आणि दुसऱ्या हातात आईने कापलेलं पॅकिंग, तेल पिऊन फुगलेलं, गोल, एक कान असलेलं. ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. मग खिशातून एक छोटी पुडी काढली, आतली नवी रबरी रिंग सेन्सरवर चढवली आणि सेन्सर जागेवर बसवला. कागद न घालता! माझ्या बापाने खोलून कागद न घालता परत बसवलेली ती पहिली वस्तू. म्हणजे त्यांना कळलं होतं. शेठ येऊन गेल्यापासूनच कळलं असणार, म्हणून तर महाडला गेले. पॅकिंग त्यांनी जळक्या तेलाच्या पिंपात टाकलं. मग केबिन परत खाली घेतलं, डॅशबोर्डावरची टेप खरवडून काढली, दिवा लागत नाही हे बघून घेतलं. वळले तर मी. "चहा ठेव नि जा," एवढंच म्हणाले. मी वेडी, मला वाटलं आता ते शेठला सांगतील. चूक सापडली, दुरुस्त केली, रघूचा दोष नाही. एका वाक्याचं तर काम होतं.

मी हट्ट करून केबिनमध्ये चढले. मामा गाडी चालवत होता, मध्ये मी, कडेला बाबा, मागे शेठची गाडी. घाट चढताना मामा गुणगुणत होता. मी दोनदा म्हटलं, "बाबा, सांगा ना." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. घुमटीपाशी मामाने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. इतक्या धडधडीनंतर एकदम शांत झालं की कान दुखतात, तसं झालं. खाली दरीत कुठेतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मामाने अगरबत्ती लावली, नारळ फोडला, शेठलासुद्धा खोबरं दिलं. शेठने घेतलं. मी उतरले आणि शेठकडे गेले. म्हटलं, "शेठ, सकाळी बाबांनी..." एवढ्यात बाबांचा पंजा माझ्या दंडावर पडला. पुढे चार दिवस तो दंड निळा होता. शेठने विचारलं, "काय म्हणते मुलगी?" बाबा हसले. "काय नाय. मामावर लय जीव हाय तिचा."

"चल, लाव," शेठ म्हणाला.

मामा केबिनमध्ये चढला. वरून माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. त्याला खात्री होती की गाडी लागणार नाही. त्याने चावी फिरवली आणि गाडी लागली. एका क्षणात, स्टार्टर नीट फिरायच्या आत. मामाचा हात चावीवरच राहिला. त्याने गाडी बंद केली, पुन्हा चावी मारली, पुन्हा लागली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. असं तो करतच राहिला, आता तरी लागू नको म्हणून, शेवटी शेठनेच ओरडून त्याला थांबवलं. तो खाली उतरला आणि घुमटीकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, देवीनेच तोंडघशी पाडलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. गाडीवरचा विश्वास गेला तर गेला, त्या माणसाचा देवीवरचा विश्वास माझ्या बापाने घालवला.

"मिस्त्री, तुमचं काय म्हणणं?" शेठने विचारलं.

"तुमच्यासमोर लागली गाडी. मी काय वेगळं सांगू?"

बघा, खोटंसुद्धा बोलले नाहीत. एवढी अक्कल त्यांच्याजवळ होती. शेठने मामाच्या हातातून चावी काढून घेतली आणि गाडी बाबांनी खाली आणली.

दुपारी पानं वाढली होती. कुणी जेवत नव्हतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सेन्सर, रिंग, तेलाच्या पिंपात टाकलेला कागद, सगळं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. बाबा भात कालवत राहिले. आईने विचारलं, "कसलं पॅकिंग?" म्हटलं, "गोल. एका बाजूला कान." तिने डोळे मिटले. तिला तिचं काम ओळखू आलं. मला वाटलं आता ही पेटणार, स्वतःच्या भावासाठी तरी. माझ्या आईचा आवाज साऱ्या आळीला ठाऊक होता. तिने मामाच्या पानात आमटी वाढली आणि म्हणाली, "रघू, जेव. जेवून नात्याची गाडी धर."

"आक्का, ती सांगतेय ते खरं हाय काय?"

"पोर हाय ती. तिला काय कळतं इंजिनातलं?"

"आई, मी डोळ्यांनी बघितलं!"

"तू काय बघितलं नायस," आई म्हणाली. "बाहेर बोलशील तर माझ्याशी गाठ हाय. उद्या ह्यांचं नाव गेलं तर गाड्या येतील दारात? खाशील काय? शिकशील कशावर? रघू एकटा जीव हाय, कुठंपण पोट भरंल."

मामाने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान वर केली नाही. मग मामाने पानातलं सगळं संपवलं, ताट उचलून मोरीत नेऊन घासलं, आणि पिशवी घेऊन एसटीकडे चालू लागला. मी मागून धावले तर म्हणाला, "जा घरी. आक्काला बोलू नको काय." संध्याकाळी घरात परत ठकठक सुरू झाली. कुणाच्यातरी इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग. आई कापत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण भोक एकही वाकडं पडलं नाही. मी बापावर जेवढी चिडले त्याहून जास्त त्या बाईवर चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे. बापाने नाव वाचवलं, तो तसाच होता. तिचा तर रक्ताचा भाऊ होता.

यापुढचं ऐकून तुम्हाला हसू येईल. बाबांचं नाव राहिलंच, वर दुप्पट झालं. शेठने सगळ्या गाड्या आमच्याकडे लावल्या. महाडपासून खेडपर्यंत गोष्ट पसरली की गणूमिस्त्री म्हणजे सोन्यासारखा माणूस, चोरी झाली तर सख्ख्या मेव्हण्याला पाठीशी घातलं नाही. गॅरेजवर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. माझी डिप्लोमाची फी त्यातूनच गेली. ती मी घेतली, नाकारली नाही, कारण मला त्या सेन्सरची गोष्ट पुरती समजून घ्यायची होती. समजली. बापाला समजावूनही सांगितली, आकृती काढून, फटीचं माप घालून. ते ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, "बरोबर हाय. आता पॅकिंग नाय घालत आपण तिथं." बस्स. एवढंच त्यांनी आयुष्यात कबूल केलं.

ते गेल्यावर बाराव्याच्या आदल्या दिवशी पोलादपुरात शोकसभा ठेवली होती. मामा मुंबईहून आला, पहिल्यांदाच. टक्कल पडलेलं, पाठ वाकलेली, मागच्या रांगेत टोकाला बसला. शेठ काठी टेकत उभा राहिला आणि सुरू झाला. सचोटी, कान, हातगुण, आणि मग तेच. नात्याला न बघता खऱ्याला खरं म्हणणारा माणूस. लोक माना डोलावत होते आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो मागे बसून ऐकत होता! माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "खोटं आहे हे. रघूमामाने थेंबभर डिझेल चोरलं नाही. माझ्या वडिलांनी सेन्सरखाली पॅकिंग घातलं होतं, त्याने गाडी लागत नव्हती, आणि तुम्ही बघायला आलात त्या सकाळी त्यांनी ते काढून टाकलं. मी तिथे होते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या त्यांना." दोन बायकांनी मला धरलं. "बापाचं दुःख, मनाला लागलंय," असं शेजारी कुजबुजले. आई पुढच्या रांगेतून मागे न वळता म्हणाली, "सुजे, खाली बस." शेठने घसा खाकरला आणि भाषण पुरं केलं. मी मागे बघितलं तर मामाची खुर्ची रिकामी.

तो बाहेर रस्त्याला झाडाखाली सापडला. मला वाटलं रडत असेल, किंवा निदान माझ्या डोक्यावर हात ठेवील. इतक्या वर्षांनी चारचौघांत बोलले मी त्याच्यासाठी. तो घाबरलेला होता. सारखा पलीकडे उभ्या असलेल्या मोटारीकडे बघत होता.

"पोरगा हाय माझा गाडीत. त्याने ऐकलं काय गो?"

"नाही ऐकलं. पण मी आता जाऊन सांगते. त्याला तर पहिलं कळायला हवं."

"नको!" त्याने माझं मनगट धरलं. "त्याला काय सांगू नको. हात जोडतो तुला." मग तो खालच्या आवाजात बोलायला लागला. "माझं लायसन शेठनं ठेवून घेतलं होतं. लिहून नाय, नुसतं तोंडानं कबूल कर, मग देतो, बोलला. वर्ष काढलं मी नात्याला बसून. कुणी गाडी देईना, भाताच्या कामाला पण बोलवीनात. मग गेलो एक दिवस नि म्हटलं, घेतलं मी डिझेल, चुकलो. लगेच दिलं त्यानं. मुंबईत ओळखीच्याकडं चिठ्ठीपण दिली, पोरगा चुकला होता पण सरळ झालाय म्हणून. त्या चिठ्ठीवर नोकरी लागली, लग्न झालं, सगळं झालं. बायकोला तेच सांगितलं. पोराला पण तेच सांगून वाढवला. लहानपणी त्यानं दुकानातनं चॉकलेट उचललं, तेव्हा मारलं नाय मी. बोललो, तुझा बाप पण चोर होता, पण एकदा सोडलं ते सोडलं. तो आता ते सगळ्यांना अभिमानानं सांगतो गो. माझा बाप बघा म्हणतो, चोरीतनं उठून उभा राहिला."

मोटारीचं दार उघडलं. उंच, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा आमच्याकडे यायला लागला, हुबेहूब तरुणपणचा मामा. मामाने माझं मनगट सोडलं नव्हतं.

"चोरलंच नव्हतं म्हणून सांगितलंस," तो म्हणाला, "तर मग मी उठलो कशातनं?"